फर्स्ट की होम? बॉल येण्याआधी ठरव!

सॉफ्टबॉलच्या इनफिल्डवर उभ्या असलेल्या शाळकरी मुलीला निर्णय घ्यायला जेमतेम दोन सेकंद मिळतात. त्यात बाहेरून चार जण चार गोष्टी ओरडत असतात. अशा वेळी नेमकं काय करायचं हे तिला शिकवायचं कसं? एका हरलेल्या मॅचने आम्हाला शिकवलेली ही गोष्ट.

‘‘होम! होमला टाक!’’

‘‘अगं फर्स्ट! फर्स्ट!’’

‘‘टाक ना लवकर!’’

चौदा वर्षांखालील मुलींची मॅच. शेवटची इनिंग. आम्ही ३-२ ने पुढे. समोरच्या टीमची एक आऊट, सेकंड आणि थर्ड बेसवर त्यांच्या धावपटू. बॅटरने मारलेला बॉल जमिनीलगत उड्या घेत सरळ आमच्या शॉर्टस्टॉपकडे आला. तिने तो उचललासुद्धा छान. ग्लोव्हजमधून हातात घेतला आणि... थांबली. एकदा होमकडे पाहिलं, एकदा फर्स्टकडे. मग चक्क बाहेर आमच्याकडे पाहिलं.

तोपर्यंत थर्डवरची धावपटू होम ओलांडून गेली होती आणि बॅटर फर्स्टवर पोचली होती. बॉल आमच्या शॉर्टस्टॉपच्या हातातच. ३-३. पुढच्या बॅटरने बॉल आउटफिल्डला मारला आणि मॅच संपली.

खरं सांगायचं तर त्या ओरडणाऱ्यांमध्ये सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

मी एस.वाय.ला आहे. शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळले. आता संध्याकाळी जुन्या शाळेच्या ग्राउंडवर जाऊन सरांना मदत करते. मुली ‘ताई’ म्हणतात. तुमच्यातलेही कितीतरी जण असे आपापल्या शाळेच्या ग्राउंडवर दादा-ताई होऊन उभे राहत असतील. मानधन वगैरे काही नाही, आवड म्हणून. आपल्याला खेळता येतं म्हणजे शिकवताही येतं, असं आपण गृहीत धरतो. मीही धरलं होतं.

मॅचनंतर दोन दिवस आमची शॉर्टस्टॉप प्रॅक्टिसला आली नाही. तिसऱ्या दिवशी मी घरी गेले. तिची आई म्हणाली, ‘‘ती म्हणतेय, मला आउटफिल्डला टाका. तिकडे बॉल कमी येतो.’’ आठवीतली पोर. बोलेचना. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘‘ताई, मला कळलंच नाही कुणाचं ऐकायचं.’’

तिने एकदाही ‘बॉल नीट आला नाही’ किंवा ‘ऊन डोळ्यांवर होतं’ असं म्हटलं नाही. कुणाचं ऐकायचं, एवढंच. म्हणजे इतके महिने आम्ही तिला बॉल उचलायला शिकवलं, फेकायला शिकवलं, आणि सोबत बाहेर बघायलाही शिकवलं होतं. ठरवायला मात्र शिकवलंच नव्हतं.

दोन सेकंदांचं गणित

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. चार बेस. एका बेसपासून दुसरा बेस ६० फुटांवर. म्हणजे १८ मीटरपेक्षा थोडं जास्त. पिचर खालून हात फिरवून बॉल टाकते, बॅटर मारते आणि फर्स्ट बेसकडे पळत सुटते. बेसच्या आसपास उभ्या असतात त्या इनफिल्डर : फर्स्ट, सेकंड, थर्ड आणि सेकंड-थर्डच्या मधली शॉर्टस्टॉप. पिचर आणि कॅचर यांनाही त्यात धरायलाच हवं.

आम्ही एकदा स्टॉपवॉच घेऊन बसलो. आमच्या मुलींना होमपासून फर्स्टपर्यंत पोचायला साडेतीन ते चार सेकंद लागत होते. बॉल शॉर्टस्टॉपपर्यंत यायलाच त्यातला दीडेक सेकंद जातो. उरतात दोन-अडीच सेकंद. त्यात वाकायचं, बॉल उचलायचा, पाय जुळवायचे, फेकायचं, आणि फेकलेला बॉल फर्स्टला पोचायलाही हवा. यात ‘कुठे फेकू?’ हा विचार करायला जागाच नाही. अर्धा सेकंद विचार केला तर बॅटर सेफ.

म्हणजे निर्णय बॉल आल्यावर घ्यायचाच नसतो. तो आधी घेऊन ठेवायचा असतो. खो-खो खेळलेल्यांना हे लगेच कळेल. पाठलाग करताना एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही. खो कुणाला द्यायचा हे पाटीवर बसलेलीच्या मागे पोचल्यावर ठरवलं, तर समोरची केव्हाच निसटलेली असते.

सॉफ्टबॉलमध्ये एक सोय आहे. बॉल पिचरच्या हातातून सुटेपर्यंत धावपटूला बेस सोडता येत नाही. सोडला तर ती आऊट. त्यामुळे दोन पिचच्या मधले ते काही सेकंद इनफिल्डरचे स्वतःचे असतात. कुणी पळत नाही, काही घडत नाही. विचार करायची वेळ ती. आमच्या मुली त्या वेळात काय करायच्या? वेणी नीट करायच्या, पायाने माती उकरायच्या. आणि मी बाहेरून ओरडायचे, ‘‘लक्ष द्या गं!’’ कशाकडे लक्ष द्यायचं हे मात्र कधी सांगितलं नव्हतं.

उभं कुठे केलं होतंस?

हरलेल्या मॅचबद्दल मी सरांकडे तक्रार करत होते. ‘‘सर, होमलाच टाकायला हवा होता ना तिने?’’

सरांनी उलटा प्रश्न केला, ‘‘तू तिला उभं कुठे केलं होतंस?’’

मला आठवेना. मग आठवलं. ना पुढे, ना मागे. नेहमीच्या जागी.

सरांनी फक्कीचा डबा घेतला आणि मातीत दोन रेघा मारल्या. एक बेसना जोडणाऱ्या रेषेच्या जरा पुढे, एक बरीच मागे. म्हणाले, ‘‘थर्डवरची रन अडवायची असेल तर इनफिल्ड पुढे आणायची. बॉल लवकर हातात येतो, होमला थ्रो जवळ पडतो. पण मग जोरात आलेला बॉल बाजूने निघून जायची भीती. एक रन गेली तरी चालेल, आऊट पाहिजे असं असेल तर मागे ठेवायची. बॉल अडतो, फर्स्टला आऊट मिळतो, पण रन जाते. तू दोन्हीपैकी काहीच सांगितलं नाहीस. ना धड पुढे, ना धड मागे. तिथून तिने काय ठरवायचं?’’

त्या दिवशी आणखी एक गुंता होता. फर्स्ट बेस रिकामा होता. त्यामुळे थर्डवरच्या धावपटूवर पळायची सक्ती नव्हती. तिला आऊट करायचं तर कॅचरला बॉल घेऊन तिला टॅग करावं लागणार होतं. बेस भरलेले असते, तर कॅचरने बॉल हातात घेऊन होमवर पाय ठेवला तरी भागलं असतं. फोर्स आऊट. हा फरक आमच्या शॉर्टस्टॉपला पाठ होता. विचारलं असतं तर घडाघडा सांगितला असता. पण पाठ असणं वेगळं, बॉल अंगावर येत असताना आठवणं वेगळं.

सर एवढंच म्हणाले, ‘‘कोचने आधी ठरवलं नाही, की मग त्याला बाहेरून ओरडावं लागतं.’’

मी गप्प.

तीन प्रश्न, मोठ्याने

त्यानंतर आम्ही प्रॅक्टिस बदलली. पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक पिचआधी प्रत्येक इनफिल्डरने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. आऊट किती? धावपटू कुठे? बॉल माझ्याकडे आला तर कुठे टाकणार?

मनातल्या मनात नाही, मोठ्याने. बोटं वर करून. ‘‘एक आऊट! फर्स्टवर धावपटू! माझ्याकडे आला तर सेकंड!’’ पहिले चार दिवस मुली नुसत्या हसत होत्या. शेजारी क्रिकेट खेळणारी मुलं नकला करायची. पाचव्या दिवसापासून गंमत सुरू झाली. एकीने चुकीचं बोललं की दुसरी तिला थांबवू लागली. ‘‘अगं दोन आऊट आहेत, फर्स्टच घे!’’ जे मी बाहेरून ओरडायचे, ते आता आतून येऊ लागलं. तेही बॉल येण्याआधी.

मग एक चौथा प्रश्न आला. तो सरांचा लाडका. ‘‘बॉल हातातून निसटला तर?’’ कारण लाल मातीच्या ग्राउंडवर बॉल दरवेळी शहाण्यासारखा येत नाही. खड्याला लागतो, उसळतो, छातीवर आदळतो. मग आधी ठरवलेला सेकंडचा आऊट गेलेला असतो. अशा वेळी लहान मुलं हट्टाने तिकडेच फेकतात. थ्रो उशिरा पोचतो, घाईत वाकडा जातो आणि एक रन जायची तिथे दोन जातात. म्हणून दुसरा बेतही आधीच तयार हवा : निसटला तर खात्रीचा आऊट फर्स्टला. तोही मिळणार नसेल तर बॉल हातात धरून ठेवायचा.

बॉल न फेकणं हाही निर्णय असतो, हे मुलींना पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. बॉल हातात आला की फेकलाच पाहिजे असं त्यांना वाटतं. पण आउटफिल्डला गेलेला एक वाकडा थ्रो या वयात फार महाग पडतो. आमच्या शॉर्टस्टॉपने तेव्हा थेट विचारलं, ‘‘मग ताई, त्या दिवशी मी पण धरूनच ठेवला होता ना?’’ सरांनी उत्तर दिलं, ‘‘त्या दिवशी तू ठरवून धरला नव्हतास. ठरवून धरलास तर मी टाळ्या वाजवीन.’’

वहीत लिहून ठेवा

छोट्या मुलींना शिकवताना आम्ही ठरवलेले हे साधे नियम. तुमच्या टीमच्या ताकदीप्रमाणे बदलता येतील.

● बेसवर कुणी नाही : जमिनीलगत आलेला बॉल फर्स्टला. घाई नको, पाय जुळवून थ्रो.

● फर्स्टवर धावपटू, दोनपेक्षा कमी आऊट : बॉल जोरात आणि सरळ आला तर सेकंडला फोर्स. हळू आला किंवा लांब पळून उचलावा लागला तर फर्स्ट.

● दोन आऊट : सगळ्यात सोपा आऊट घ्या. थर्डवरची धावपटू होमला पळाली तरी तिच्याकडे बघायचं नाही. बॅटर फर्स्टला पोचण्याआधी तिसरी आऊट झाली तर ती रन धरलीच जात नाही.

● थर्डवर धावपटू आणि आपण बऱ्याच रननी पुढे : रन जाऊ द्या, आऊट घ्या. एका रनची बरोबरी असेल तर इनफिल्ड पुढे, नजर होमवर.

● थर्डवर धावपटू, पण पळायची सक्ती नाही : बॉल उचलल्यावर तिच्याकडे एक नजर टाकायची. ती बेसकडे परतली की फर्स्टला थ्रो.

● बंट : बॉलवर कोण धावणार आणि रिकामा झालेला बेस कोण धरणार, हे पिचआधीच ठरलेलं हवं. फर्स्ट बेसची मुलगी बॉलकडे धावली तर फर्स्टला सेकंड बेसची मुलगी पोचलीच पाहिजे.

शिट्टी वाजली की पुतळा

नियम वहीत लिहिले म्हणजे अंगात भिनले असं होत नाही. त्यासाठी आम्ही काही खेळ केले.

पहिला, बिनबॉलचा. मुली आपापल्या जागी. मी परिस्थिती सांगते, ‘‘एक आऊट, फर्स्ट आणि सेकंडवर धावपटू, बॉल थर्डकडे!’’ थर्डवरची मुलगी नुसती हाताने दाखवते, कुठे टाकणार ते. बाकीच्या आपापला बेस धरायला पळतात. बॉल नसल्यामुळे उचलण्या-फेकण्याची धास्ती नाही. डोकं आणि पाय एवढंच काम. ज्यांचा थ्रो कच्चा आहे अशा दोन मुली यात सगळ्यात हुशार निघाल्या. हे आम्हाला आधी कळलंच नव्हतं.

दुसरा, शिट्टीचा. खरा बॉल, खऱ्या धावपटू. मी मध्येच शिट्टी वाजवते. सगळ्यांनी जागच्या जागी पुतळा व्हायचं. मग एकेकीला विचारायचं, ‘‘आत्ता तुला काय दिसतंय?’’ लहान मुलींना बॉल सोडून दुसरं काही दिसतच नाही, हे तेव्हा कळतं. हळूहळू त्यांना पळणारी धावपटू दिसू लागते, मग रिकामा बेस दिसू लागतो.

तिसरा सगळ्यात अवघड. मुलींसाठी नाही, माझ्यासाठी. ‘मौन इनिंग’. सराव सामन्यातली एक अख्खी इनिंग कोचने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. पिचआधी इनफिल्ड पुढे की मागे, एवढी खूण करायची आणि बसायचं. पहिल्या मौन इनिंगमध्ये चार रन गेल्या. सेकंड बेसच्या मुलीने थर्डला टाकायचा बॉल फर्स्टला टाकला, तेव्हा मी ओढणीचं टोक दातात धरून बसले होते. पण इनिंग संपल्यावर मुली आपापसात भांडत आत आल्या. ‘‘तू कट धरायला का नाही आलीस?’’ ‘‘मला वाटलं पिचर धरेल.’’ आपण काय केलं, का केलं, यावर त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. त्याआधी मीच बोलत असायचे.

‘असं का केलंस?’ विचारू नका

‘‘असं का केलंस?’’ हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. चौदा वर्षांच्या मुलीला त्यात फक्त ओरडा ऐकू येतो. ती ‘सॉरी ताई’ म्हणते आणि विषय संपतो. आम्ही प्रश्न बदलला. ‘‘तुला काय दिसलं?’’ मग उत्तर येतं. ‘‘मला वाटलं ती थर्डला थांबेल.’’ आता बोलता येतं. ती का थांबली नाही, बॉल उचलताना तिच्याकडे नजर टाकली होती का, वगैरे.

दुसरं, निर्णय आणि निकाल वेगवेगळे मोजायला लागलो. वहीत दोन रकाने केले. ठरवलेलं बरोबर होतं का? केलेलं बरोबर झालं का? होमला टाकायचं बरोबर ठरवलं, पण थ्रो वाकडा गेला, तर पहिल्या रकान्यात बरोबरची खूण. थ्रोचं काम उद्याच्या प्रॅक्टिसला. उलट दोन आऊट असताना उगाच होमला टाकला आणि नशिबाने धावपटू आऊट झाली, तर टाळ्या पडतात, पण पहिल्या रकान्यात फुली. हे आधी मुलींना विचित्र वाटलं. पण यामुळे एक झालं. थ्रो चुकला म्हणून रडणं कमी झालं.

हे सगळं लहान पोरींच्या खेळात एवढं कशाला, असं कुणी विचारतं. शालेय स्पर्धांमध्ये १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या. खेळाच्या ग्रेस मार्कांकडे डोळे लावून बसलेली घरं असतात. एका चुकीने पायरी हुकली की त्या मुलीला वर्षभर ऐकावं लागतं. म्हणूनच घाबरून निर्णय टाळणाऱ्या मुली तयार होतात. निर्णयच घेतला नाही तर चूक आपली नाही, असं त्यांना वाटतं. आउटफिल्डला टाका म्हणणारी आमची शॉर्टस्टॉप तेच तर सांगत होती.

योकोहामातली ती कॅच

एका संध्याकाळी मुलींना मोबाइलवर टोकियो ऑलिम्पिकची फायनल दाखवली. २७ जुलै २०२१, योकोहामा, जपान विरुद्ध अमेरिका. जपान २-० ने पुढे. सहाव्या इनिंगमध्ये अमेरिकेच्या दोघी बेसवर होत्या. अमँडा चिडेस्टरने बॉल सणसणीत मारला. तो थर्ड बेसच्या यु यामामोटोच्या हातावर आदळून उडाला आणि शॉर्टस्टॉप माना अत्सुमीने तो जमिनीवर पडायच्या आत पकडला. तिथेच न थांबता तिने सेकंडला थ्रो केला. धावपटू बेस सोडून पुढे आली होती, तीही आऊट. एका बॉलवर दोन आऊट. जपान तीच फायनल २-० ने जिंकला.

मुलींनी ती कॅच दहा वेळा पाहिली. मी त्यांना कॅचनंतरचं बघायला सांगितलं. अशी उसळी कुणीच ठरवून ठेवू शकत नाही. पण बॉल हवेत पकडला गेला तर धावपटूला मागे बेसवर परतावंच लागतं, आणि सेकंडवर एक धावपटू आहे, हे अत्सुमीला ठाऊक होतं. ती शोधत बसली नाही.

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल पुन्हा येतोय. मुलींचे डोळे चमकले. आमच्या शॉर्टस्टॉपने हिशेब केला, तेव्हा आपण किती वर्षांच्या असू. मग म्हणाली, ‘‘ताई, तिच्या कोचने बाहेरून ओरडून सांगितलं असेल का?’’ सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले. दुसरं करणार काय?

परवा शेजारच्या शाळेबरोबर सराव सामना होता. ती पुन्हा शॉर्टस्टॉपला. दोन आऊट, थर्डवर धावपटू. पिचआधी तिने दोन बोटं वर केली, ‘‘दोन आऊट! फर्स्ट!’’ बॉल तिच्याकडेच आला. तिने उचलला, होमकडे ढुंकूनही न बघता फर्स्टला फेकला. थ्रो खाली पडला, फर्स्टच्या मुलीच्या ग्लोव्हजमधून निसटला. रन गेली.

माझ्या तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं. वहीत पहिल्या रकान्यात बरोबरची खूण केली, दुसऱ्यात फुली.

वर पाहिलं तर ती बाहेर बघतच नव्हती. आपल्या जागेवर परत गेली होती. पायाखालची माती सारखी केली आणि पुन्हा दोन बोटं वर.

‘‘दोन आऊट गं! फर्स्टवर धावपटू! सेकंड जवळ आहे, सेकंड!’’